लेकीचा पासपोर्ट, बापाचं बाळंतपण

सुरतेच्या नवागामात तान्हं मूल घेऊन लांबच्या प्रवासाला निघालं तर कुणी मान वर करून पाहत नाही. नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या सगळ्या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली घरं गल्लोगल्ली आहेत. कुणी लूम्सच्या खात्यात, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी एम्ब्रॉयडरी मशीनवर, कुणी साड्यांच्या पॅकिंगला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा असं कुठेतरी. बाप इकडे बारा तासांच्या पाळीत. सव्वा महिना उलटला की बाळ-बाळंतीण तापी लाइनच्या गाडीत बसतात आणि उधन्याला उतरतात. मग जावळाला पुन्हा गाव, कानबाईच्या सणाला पुन्हा गाव, मामाच्या लग्नाला पुन्हा गाव. आमच्याकडचं मूल चालायला शिकण्याआधी दोन राज्यांत ये-जा करून मोकळं झालेलं असतं.

तापी लाइन म्हणजे उधना ते जळगाव हा ३०६ किलोमीटरचा मार्ग. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे म्हणून तो सुरू झाला, २०१८ मध्ये त्याचं दुहेरीकरण पुरं झालं. वाटेत नवापूर लागतं. तिथल्या फलाटाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात आहे, एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा रंगवलेली आहे आणि गाडीची घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत होते. त्या बाकावर मूल मधोमध बसवून फोटो काढायची हौस बहुतेक आईबापांना असते, आणि मूल हमखास एका राज्याकडे कलंडतं.

डब्यातलं दृश्य तर ठरलेलं. वरच्या फळीच्या दांड्याला साडी बांधायची, झोळी करायची, बाळ आत. साडी अर्थातच सुरतेची, कारण गावाकडे द्यायला नेलेल्या गठ्ठ्यातूनच ती निघते. बाळ रडलं की सगळा डबा त्याचा होतो. एक मावशी सांगणार गॅस झालाय, दुसरी म्हणणार टोपडं घाला, तिसरी पोटाला वेखंड लावायला पुढे सरसावणार, आणि चौथी काहीच न बोलता बाळ उचलून दारापर्यंत फेरी मारून येणार. भारतीय रेल्वेने २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा छोटा बर्थ करून पाहिला होता. कल्पना चांगली होती. तापी लाइनने मात्र हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या साडीने सोडवला आहे.

एवढी सवय असलेल्या वस्तीत आम्ही दोघांनी, लेक नऊ महिन्यांची असताना दिवाळीच्या वेकेशनमध्ये दुबईला जायचं ठरवलं, तेव्हा गल्ली ढवळून निघाली. शेजारच्या आजींनी दारातच अडवलं, “एवढी धाकली आंडेरले कथा लई चालनात?” म्हणजे, एवढ्या धाकट्या लेकीला कुठे घेऊन चाललात? जळगावला नऊ तास जनरल डब्यातून नेलेलं चालतं, पण तीनेक तासांच्या विमानात बसवलेलं चालत नाही, हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही. आता कळतं, आजींना अंतराची भीती नव्हती. तिकडे झोळी हलवणारे हात नसतील, ही भीती होती. आणि ती अगदी खरी होती. या सगळ्या प्रवासात जे गमतीचं घडलं, ते त्या रिकाम्या जागेमुळेच घडलं.

सुरतेहून परदेशी जाणं आता अवघड राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये इथून शारजाचं विमान सुरू झालं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, नवी इमारत उघडली आणि त्याच सुमारास दुबईची थेट सेवा आली. पुढच्या डिसेंबरात बँकॉकचीही आली. एकेकाळी मुंबईला एक रात्र काढल्याशिवाय परदेश दिसायचा नाही. आता मगदल्ल्याला रिक्षाने गेलं की झालं. अडचण विमानाची नाही. अडचण कागदाची.

नऊ महिन्यांच्या माणसालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, ही गोष्ट सासूबाईंना शेवटपर्यंत पटली नाही. “ती तर तुझ्या अंगावर पिते, तुझ्याच कागदात बसव ना,” असं त्यांचं म्हणणं. पण नियम स्पष्ट आहे. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, अर्जासोबत आईबाप दोघांच्या संमतीचं पत्र लागतं, आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत मिळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता फक्त जन्म दाखलाच चालतो. आणि दाखल्यावर नाव हवं. आमच्याकडे बारसं होईपर्यंत बाळाला नाव नसतं, इस्पितळातून जन्माची नोंद मात्र आधीच होते. त्यामुळे कितीतरी घरांत दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते आणि शाळेच्या वेळी धावपळ होते. नोंदीपासून वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. परदेश राहू द्या, पण हे काम बारशाच्या आठवड्यातच उरकावं, एवढं मी प्रत्येक नव्या आईला सांगते.

आमचं अडलं ते भलतीकडे. गुजरातेत कागदावर पुरुषाच्या नावाला ‘भाई’ आणि बाईच्या नावाला ‘बेन’ जोडायची रीत आहे. नवऱ्याचा दहावीचा दाखला धुळे जिल्ह्यातला, त्यात नुसतं नाव. रेशनकार्ड सुरतेचं, त्यात भाई. माझ्या आधारावर मी बेन, शाळेच्या दाखल्यावर नाही. लेकीच्या जन्म दाखल्यात बाप भाई आणि आई बिनबेनची. खानदेशी घरांत हा गोंधळ इतका सर्रास आहे की नवागामातला झेरॉक्सवाला कागद हातात घेतल्याघेतल्या विचारतो, “भाई ठेवायचा की काढायचा?” आम्ही काढला. चार कागद दुरुस्त झाले आणि नवरा त्या दिवसापासून गल्लीत ‘भाईतून रिटायर झालेला’ म्हणून प्रसिद्ध झाला.

मग फोटो. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरून न्यावा लागतो: साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, डोळे उघडे. जे मूल अजून नीट बसत नाही त्याला पांढऱ्या भिंतीसमोर सरळ कसं बसवणार? स्टुडिओवाल्याने खुर्चीवर मला बसवलं, माझ्यावर डोक्यापासून पांढरी चादर घातली आणि माझ्या मांडीवर लेक ठेवली. मी चादरीच्या आतून तिची कंबर धरलेली, नवरा कॅमेऱ्यामागे स्टीलची वाटी वाजवतोय, आणि लेक समोर बघायचं सोडून चादरीतल्या आवाजाला शोधतेय. त्यात सासूबाईंची तीट. मी गालावरची पुसायची, त्या पुन्हा लावायच्या. पासपोर्टवर डाग चालत नाही हे मान्य, पण उघड्या गालाने पोरगी सरकारी कागदावर जाणार, जगभरचे लोक बघणार, नजर लागणार, हा त्यांचा मुद्दा. अखेर तडजोड झाली. तीट तळपायाला लागली आणि गाल मोकळा राहिला. फोटो उत्तम आला: दाट जावळ, गोल डोळे, आणि समोरच्या वाटीकडे बघणारी एकाग्र नजर.

त्या दाट जावळाने पुढे मजा केली. दिवाळीच्या आधी आम्ही वणीला सप्तशृंगीला जाऊन जावळ काढलं. नवस होता, तो टाळण्यासारखा नव्हता. म्हणजे पासपोर्टवर केसाळ मुलगी आणि कडेवर तुळतुळीत टकलाची. विमानतळावर इमिग्रेशनच्या साहेबांनी पासपोर्ट पाहिला, लेकीकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. लेकीनेही त्यांच्याकडे तितक्याच गंभीरपणे पाहिलं. मी म्हटलं, “जावळ काढलं, साहेब.” ते म्हणाले, “आमच्याकडे मुंडन म्हणतात,” आणि हसून शिक्का मारला. हाच फोटो आता पाच वर्षं चालणार आहे. शाळेत जाणारी मुलगी याच चेहऱ्याने सीमा ओलांडेल.

सामान बांधताना आमच्या घरात जी चर्चा झाली ती एखाद्या ग्रामसभेला शोभेल अशी. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते, माझ्यासाठी. त्यात खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं कायद्याने बंद आहे, अंमली पदार्थांच्या नियमात ती येते. हे ऐकून सासूबाई थक्क झाल्या. बाळंतिणीच्या लाडवातली खसखस पकडणारं सरकार असू शकतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. पण बसल्यावर त्यांनी रात्री जागून बिनखसखशीचे नवे लाडू वळले आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘खसखस नाही’. मराठीत. आणि हो, खोबऱ्याची सुकी वाटीही विमानात नेता येत नाही. तेलामुळे ती पेट घेऊ शकते म्हणून मनाई आहे. आमच्याकडच्या मसाल्याच्या पिशवीत ती असतेच, तेव्हा निघण्याआधी पिशवी उलटी करून बघा.

नागलीचं सत्त्व मात्र न्यायचंच होतं. बिनलेबलच्या प्लॅस्टिक पिशवीतली फिकट पूड घेऊन परदेशी जाणं मला धोक्याचं वाटत होतं, म्हणून दुकानातलं छापील पाकीट घेतलं. बाळाच्या दुधाला आणि खाण्याला शंभर मिलिलिटरचा नियम लागू होत नाही, प्रवासापुरतं नेता येतं. ही सवलत फार मोलाची आहे आणि पुष्कळ आयांना ती ठाऊक नसते. सुरक्षा तपासणीत अडलं ते दुसरंच. लेकीच्या पायात चांदीचे वाळे, कमरेला करगोटा, त्यात आत्याने ओवलेले घुंगरू. यंत्र वाजलं. तपासणाऱ्या ताईंनी हातातली दांडी लेकीच्या पोटापाशी आणली, ती पुन्हा वाजली, आणि लेकीला हे इतकं आवडलं की तिने दांडी दोन्ही हातांनी धरली आणि सोडेना. मागे रांग वाढतेय, ताई दांडी ओढतायत, लेक हसतेय. शेवटी ताईंनीच विचारलं, “हिला काय दिलं तर सोडेल?” नवऱ्याने खिशातून वाटी काढली.

ती स्टीलची वाटी या प्रवासाची खरी नायिका.

विमानात दोन वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नसते. ते मांडीवर बसतं, आईच्या किंवा बापाच्या पट्ट्यात अडकवलेला एक छोटा पट्टा त्याच्या कमरेला. आंतरराष्ट्रीय प्रवासात तिकीट बहुधा मोठ्यांच्या एक दशांश, स्वस्त सेवांमध्ये ठरावीक रक्कम. दुसरा वाढदिवस झाला की पूर्ण जागा घ्यावी लागते. प्रवासाच्या मधेच दोन पुरी होणार असतील तर परतीची जागाही. भिंतीला लावायचा पाळणा मोठ्या विमानांत असतो. सुरतेहून उडणाऱ्या छोट्या विमानांत त्याची आशा धरू नये. विमान चढताना-उतरताना हवेचा दाब बदलतो आणि बाळाचे कान दुखतात. गिळताना कान मोकळे होतात, म्हणून तेवढ्या वेळात अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी. आम्ही तसंच केलं. चढताना लेक शांत होती. मग वर गेल्यावर तिला कंठ फुटला.

आणि इथे तापी लाइन पुन्हा भेटली. सुरतेच्या विमानात सुरतेचीच माणसं. पुढच्या रांगेतल्या काकींनी ठेपल्याचा डबा बाजूला ठेवून हात पुढे केले, “लाव, मने आप.” लेक त्यांच्याकडे गेली. तिथून त्यांच्या सुनेकडे, सुनेकडून पलीकडच्या एका तरुणाकडे, त्याच्याकडून परत. अरबी समुद्रावर, हजारो फुटांवर, आमची मुलगी जनरल डब्यात फिरावी तशी हातोहात फिरत होती. सल्लेही तेच, फक्त गुजरातीतून. ग्राइप वॉटर द्या, असं तिघींनी सांगितलं. हे औषध मूळचं इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं, विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये काढलेलं. आपल्या आज्यांनी ते इतकं आपलंसं केलं की ते परदेशी आहे हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

दुबईत उतरलो आणि हात संपले. ती हॉटेलची खोली, पांढऱ्या चादरी, एक परदेशी घाटाचा लाकडी पाळणा, आणि आम्ही दोघंच.

लेकीला झोळीशिवाय झोप येत नव्हती. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तिची झोपेची वेळ झाली तेव्हा बाहेर दिवे नुकतेच लागत होते. लाकडी पाळण्यात ठेवलं की ती बसती व्हायची आणि वाटी आपटायची. साडी आम्ही नेली होती, दांडा कुठून आणणार? नवरा एम्ब्रॉयडरी मशीनचा कारागीर, बिघाड दिसला की हात शिवशिवतात. त्याने खोलीचा सर्व्हे केला. पडद्याची दांडी हलकी. न्हाणीघरातली दांडी भिंतीतून निघेल. कपाटाचा दांडा मजबूत, पण कपाट अर्धवट उंचीचं. अर्ध्या तासाने तो म्हणाला, “दांडा नाही. पण आपण दोघं आहोत ना.” मग एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, मधे साडी, साडीत लेक. दोघं खोलीच्या मध्यभागी उभे राहून हलवतोय. हसू आलं की झोका चुकायचा, झोका चुकला की लेक डोळे उघडायची, म्हणून हसू दाबायचं. दाबलेलं हसू साडीतून तिला कळायचं आणि तीही हसायची. किती वेळ गेला कोण जाणे. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून इतकं लक्ष देऊन केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट लख्ख दिसली. नऊ महिन्यांत नवऱ्याने लेकीला झोपवलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तो वाईट बाप नव्हता. खात्यात बारा तासांची पाळी, एका आठवड्याला दिवस, एका आठवड्याला रात्र. घरी आला की लेक झोपलेली, किंवा तो. आणि घरात आई, वहिनी, शेजारणी, इतके हात की त्याच्या हाताची पाळीच यायची नाही. कायद्याचं बघा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही लूम्सच्या खात्यातल्या बायकांपर्यंत किती पोचते हा वेगळा प्रश्न. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. सुरतेच्या कामगाराला सलग मोकळे दिवस मिळतात ते दिवाळीत, मार्केट बंद झाल्यापासून लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत. म्हणून मी म्हणते, आमची दुबई ही सहल कमी आणि बापाची उशिरा मिळालेली रजा जास्त होती.

रजा त्याने पुरेपूर वापरली. बाळ छातीशी बांधायची पट्ट्यांची पिशवी नवागामात कपाटात पडून होती, कारण ती बांधून गल्लीतून जायची त्याला लाज वाटायची. दुबईत ती त्याने अंगातून काढलीच नाही. मीना बाजारात शिरल्यावर दुकानांत लटकणाऱ्या साड्या दिसल्या आणि हा थेट आत. छातीवर लेक, हातात साडीचा काठ. टाके उलटे करून बघतो आणि दुकानदाराला सांगतो, “हा माल सुरतेचा आहे, आणि टाका सैल पडलाय.” लेकीने त्याच काठाचं टोक तोंडात घातलं. दुकानदार सिंधी होते, म्हणाले, “बापाने तपासलं, मुलीने चाखलं, आता घेऊनच जा.” घेतली. सुरतेची साडी दुबईत विकत घेऊन सुरतेला परत आणली, आणि सासूबाईंना ती परदेशी म्हणून फार आवडली.

खाडीवर लाकडी अब्रा चालतात, बर दुबईहून देराला एका दिरहममध्ये. त्यात लेक जितकी हसली तितकी कुठेच नाही. मेट्रो मात्र तिला नियमांमुळे आवडली नसावी. २००९ पासून धावणारी ही बिनचालकाची गाडी. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पण आत खाणंपिणं मना, दंड १०० दिरहम. लेकीच्या मुठीत बिस्किटाचा तुकडा आहे हे आमच्या लक्षात आलं ते दार बंद झाल्यावर, समोरच सूचना. नवरा बोटं उघडतोय, ती मूठ आवळतेय, डबाभर लोक बघतायत. एका फिलिपिनो ताईंनी आपल्या किल्ल्यांचा जुडगा पुढे केला आणि सौदा झाला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा पेच. एक डबा बायका आणि मुलांसाठी राखीव, पुरुष शिरला तर दंड. लेक त्या डब्याची हक्काची प्रवासी, पण ती बापाच्या छातीला बांधलेली! ती पात्र, तिचं वाहन अपात्र. गुलाबी रेषेच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते दोघं, आणि लेक माझ्याकडे हात पसरून रडतेय. शेवटी मीच रेषा ओलांडून साध्या डब्यात गेले.

बुर्ज खलिफाची गोष्ट सांगितल्याशिवाय सुटका नाही, कारण ती आता नवागामात आख्यायिका झाली आहे. दुबईत पोचल्यापासून लेकीला शी झालेली नव्हती. पाणी बदललं, वेळ बदलली, होतं असं. पण घरून तासातासाला फोन. “झाली का?” हाच पहिला प्रश्न. सासूबाई, माझी आई, नणंद, शेजारच्या आजी, सगळ्या त्या एका बातमीची वाट पाहत होत्या. जगातल्या सर्वांत उंच, ८२८ मीटरच्या इमारतीत १२४ व्या मजल्यावर लिफ्ट जेमतेम एका मिनिटात जाते. कान बंद होतात, म्हणून मी लेकीला पाजत होते. दार उघडलं, समोर काचेपलीकडे अख्खी दुबई पसरलेली, लोक कॅमेरे काढून धावले, आणि त्याच क्षणी लेकीचा चेहरा लाल झाला, मुठी आवळल्या गेल्या, आणि झाली. चांगलीच झाली. नवऱ्याने खाली दुबईकडे बघितलं नाही, सरळ घरी फोन लावला. “आई, झाली! एकशे चोविसाव्या मजल्यावर!” पलीकडून उठलेला जल्लोष आजूबाजूच्या लोकांनीही ऐकला.

डायपर त्यानेच बदललं. पहिल्या दिवशी कुठली बाजू पुढे ते त्याला कळत नव्हतं. एव्हाना तो मशीनचा धागा ओवावा तितक्या सहज ते करत होता. आदल्या दिवशी आम्ही गेलो होतो त्या मॉलमध्ये पुरुषांच्या स्वच्छतागृहातही बाळ बदलायचं टेबल होतं. तिथून तो बाहेर आला तेव्हा चेहरा असा की जणू काही तरी जिंकून आलाय. आत आणखी एक बाप होता, म्हणाला, पठाणी कुडत्यातला, जुळी घेऊन. दोघांनी एकमेकांना ओले टिश्यू दिले, भाषेची गरज पडली नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये कायदाच झाला की केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहांतही अशी सोय हवी. असल्या कायद्यात किती मोठी गोष्ट दडलेली आहे, हे मला त्या दिवशी नवऱ्याच्या चेहऱ्यावरून समजलं. जिथे टेबल नाही तिथे बाप बाहेर उभा राहतो आणि आईला हाक मारतो. जिथे आहे तिथे तो आत जातो.

मराठी बाईने लहानगं मूल घेऊन परदेश गाठल्याची एक जुनी, थोर गोष्ट आपल्याकडे आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. नवरा आदल्या वर्षी गेलेला. बोटीचा कित्येक आठवड्यांचा प्रवास, अनोळखी देश, आणि कडेवर लेक. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हाही रमाबाई लेकीला घेऊनच अमेरिकेला पोचल्या. आजच्या विमानातल्या आईने थकल्यावर त्यांना आठवावं. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत शहरं आहेत, संग्रहालयं आहेत, जेवणं आहेत. डायपर बदलणारा बाप मात्र सापडत नाही. तो आता लिहिला गेला पाहिजे, कारण तो जन्माला आलेला आहे.

परत आल्यावर काय झालं? लाभपंचमीला खातं सुरू झालं, पाळी सुरू झाली. पण नवरा पट्ट्यांची पिशवी बांधून लेकीला घेऊन उधन्याच्या भाजी बाजारात गेला. पहिल्या दिवशी पोरं मागे लागली. एकाने विचारलं, “काका, वहिनी आजारी शे का?” तो म्हणाला, “नाही, मी बरा आहे.” महिन्याभरात त्याच गल्लीतल्या आणखी एका बापाने ती पिशवी मागून नेली, मग तिसऱ्याने. ती आता आमच्या घरी कमीच असते. शेजारच्या आजी, ज्यांनी दारात अडवलं होतं, त्याच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की दुबईला जाऊन आल्यापासून पोरगी बापाकडे झोपते.

खर्च झाला, हे खरं. तो परवडण्यासाठी आम्ही बरेच दिवस साठवलं. ज्यांना दुबई परवडत नाही त्यांनी मन छोटं करू नये. गोष्ट परदेशाची नाही, गोष्ट घरच्या हातांपासून चार दिवस लांब जाण्याची आहे. सापुताऱ्याला जा, तोरणमाळला जा. पण दोघंच जा आणि बाळाला घेऊन जा. मूल मोठं झाल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांचं मूल मोठं होतं आणि बाप तिथेच राहतो.

आणि एक मागणी आहे. महाराष्ट्राच्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, आईला बाळाला पाजण्यासाठी. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे धावलेल्या हिरकणीचं नाव त्यांना दिलं, हे फार योग्य झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी असे कक्ष असावेत म्हणून राज्यांनी पावलं उचलावीत असं सांगितलं. ते हवेतच, उघडे हवेत, स्वच्छ हवेत. पण उधना, नंदुरबार, अमळनेर, जळगाव या स्टेशनांवर पुरुषांच्या स्वच्छतागृहात बाळ बदलायला एक साधं, भिंतीला लावलेलं, घडी होणारं टेबल बसवायला किती खर्च येतो? तापी लाइनवर तान्ही मुलं रोज प्रवास करतात आणि त्यांच्यासोबत बापही असतात. या दिवाळीत गावी जाताना स्टेशन मास्तरांकडे सूचनेची वही मागा आणि हे एवढं एक वाक्य लिहा. आईने लिहिलं तर चालेल. बापाने लिहिलं तर अधिक बरं.